राजीनामा दिला की झाला?

प्रश्न : आमची मुलगी रायपूरला दिली आहे. जावयांची शेजाऱ्याशी कुंपणावरून मारामारी झाली, केस कोर्टात होती. परवा विहीणबाईंचा फोन आला, "लोक अदालत में राजीनामा हो गया, हमने मिठाई बाँटी." ह्यांनी कपाळाला हात लावला. नोकरी सुटली आणि पेढे कसले वाटतात? पुन्हा विचारायचा संकोच वाटतो. – एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : ताई, पेढे वाटण्यासारखीच गोष्ट आहे. नोकरी जागच्या जागी आहे. छत्तीसगड, मध्य प्रदेश, राजस्थानातल्या कोर्टांत दोन्ही बाजू राजी होऊन भांडण मिटवतात, त्याला राजीनामा म्हणतात. आपली तडजोड. जावयांनी नोकरी सोडली असती तर विहीणबाई 'इस्तीफ़ा' म्हणाल्या असत्या. शिवाय आपण राजीनामा देतो. तो 'होत' नाही.

मुळात हा राजी असल्याचा कागद. तो आपल्याकडे खुर्ची सोडण्यावर कसा गेला? माझी सगळी नोकरी महसूल दप्तरात गेली, त्यामुळे मला त्यात जमीनच दिसते. मुंबई इलाख्यात रयतवारी होती, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारात भरायचा. खातेदाराला जमीन सोडायची तर तो सरकारात राजीनामा द्यायचा आणि घेणारा कबुलायत, म्हणजे जमीन पत्करल्याची कबुली, लिहून द्यायचा. जुने फेरफार काढून बघा : 'अमक्याने राजीनामा दिल्यावरून तमक्याचे नाव दाखल.' त्या काळच्या कागदांवर सही येत नसलेल्या कुणब्याच्या नावापुढे 'निशाणी नांगर'. आता ज्याचा नांगर, तोच जमीन सोडतोय, आणि म्हणे राजीखुशीने! सावकाराच्या घशात गेलेल्या जमिनींचे कागदही असेच राजीखुशीचे असत. हक्क सोडल्याचा कागद तो राजीनामा, हे एकदा अंगवळणी पडल्यावर जमिनीवरून नोकरीवर यायला कितीसा वेळ लागणार? गुजराती आणि कानडीतही राजीनामा नोकरीचाच. गुजरात आणि धारवाडही त्याच इलाख्यात होते, हे मला उगीच वाटत नाही.

नेपाळात तर दोन्ही चालतं. तिथे मंत्री राजीनामा देतो आणि जमीनविक्रीच्या दस्तालाही राजीनामाच म्हणतात.

असो. जावयांना लोकअदालतीच्या निवाड्याची सही-शिक्क्याची नक्कल काढून ठेवायला सांगा. त्या निवाड्यावर अपील चालत नाही, आणि फौजदारीत कायदेशीर तडजोड झाली की आरोपी निर्दोष सुटल्यासारखाच धरतात. पुढे कुठे चारित्र्य पडताळणी निघाली तर तोच कागद दाखवायचा. आणि विहीणबाईंना फोन कराच, अभिनंदनाचा.