विटांचं घर वणव्यात टिकेल का?

प्रश्न: आमचं घर जंगलाच्या कडेला आहे. भिंती विटांच्या, वर कौलं. वणवा आला तर घराला कितपत धोका आहे हे आपलं आपण कसं तपासायचं? आजूबाजूची झाडं तोडली की भागेल का?

उत्तर: झाडं तोडायची घाई नको, आधी घराभोवती नीट एक चक्कर मारा. वणव्यात बरीचशी घरं ज्वाळा भिडून नाही, उडत आलेल्या ठिणग्यांनी पेटतात, आणि वारा असला की जळत्या साली-काटक्या एक किलोमीटरच्या पुढेही जाऊन पडतात. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज नावाचं गाव वणव्यात जळालं तेव्हा कितीतरी घरांची राख झालेली आणि शेजारची झाडं मात्र हिरवी, असं चित्र होतं.

म्हणून भिंत विटांची आहे यावर निर्धास्त राहू नका, ठिणगी कुठे अडकेल ते शोधा. गोल कौलांच्या खालच्या कडेला पोकळी राहते, तिथे पक्षी घरटी करतात, त्या सुक्या काड्यांत एक निखारा शिरला की आग आतल्या आत माळ्यावर पोचते आणि बाहेरून पत्ताही लागत नाही. शिडी लावून हे बघाच, आणि पोकळ्या सिमेंटने बुजवून टाका. पन्हळीतला पाचोळा काढा, माळ्याच्या झरोक्यांना धातूची जाळी हवी, भोकं ३ मिलिमीटरपेक्षा मोठी नकोत. खिडकीची साधी काच नुसत्या धगीनेही तडकते, टफन्ड काच, म्हणजे तापवून जास्त मजबूत केलेली काच, जास्त तग धरते.

मला विचाराल तर सगळ्यात आधी भिंतीपासूनचा दीड मीटरचा पट्टा मोकळा करा, तिथे सरपण, सुकी झुडपं, लाकडी कुंपणाचं टोक, पायपुसणं, काहीही जळणारं नको. याला खर्च जवळपास नाही आणि तरी लोक हेच टाळतात.

झाडांचं म्हणाल तर साधारण ३० मीटरपर्यंत खालच्या फांद्या छाटा, छपरावर आलेल्या काढा, सुकं गवत कापा. घर चढावर असेल तर अंतर वाढवा, कारण आग चढावर फार जोरात धावते. ऑस्ट्रेलियात घराचा धोका ठरवताना झाडोरा कसला, किती लांब आणि उतार किती हे मोजून भिंतीवर किती धग येईल ते काढतात.

आणि हो, शेजारचं घर अगदी जवळ असेल तर तेही तपासा, पेटलेलं घर गवतापेक्षा कितीतरी जास्त वेळ धग देत राहतं, तेव्हा शेजाऱ्यांनाही सोबत घ्या.