मॉनिटरचा बिघाड: दुरुस्ती, केबल की नवा पडदा?

या महिन्यात आलेल्या बऱ्याच पत्रांचा शेवट एकाच प्रश्नाने होतो: ‘नवा मॉनिटर घ्यावा का?’ आमचा आग्रह एवढाच, की दोष मॉनिटरचा, केबलचा की सीपीयूचा हे ठरल्याशिवाय खिशात हात घालू नका. हे ठरवायला बहुतेक वेळा दहा मिनिटे पुरतात.

प्रश्न: जुना एलसीडी मॉनिटर सुरू केला की कंपनीचे चिन्ह दिसते आणि दोन सेकंदांत पडदा काळा होतो. पॉवरचा दिवा मात्र चालूच राहतो. (एक वाचक, चिपळूण)

खोलीत अंधार करा आणि पडद्यावर मोबाइलचा टॉर्च तिरका धरा. आयकॉन, खिडक्या पुसटशा दिसल्या तर चित्र तयार होते आहे, फक्त मागचा प्रकाश विझला आहे. अशा जुन्या मॉनिटरमध्ये प्रकाशासाठी बारीक ट्यूब असतात. त्या पेटायला हजार व्होल्टच्या वर आणि पेटत्या राहायला काहीशे व्होल्ट लागतात. ते पुरवणारा मॉनिटरमधला इन्व्हर्टर ट्यूबमधल्या प्रवाहावर लक्ष ठेवतो. एखादी ट्यूब कमजोर झाली किंवा मागून येणारा पुरवठा खचला, की तो सगळ्याच ट्यूब बंद करतो. तुमची दोन सेकंदे ती हीच.

आता ब्राइटनेस अगदी खाली आणून पाहा. त्यावर मॉनिटर टिकून राहिला तर संशय पुरवठ्यावर, म्हणजे पॉवर बोर्डवरच्या कपॅसिटरवर (वीज साठवणाऱ्या नळकांड्यांवर) घ्या. चांगल्या कपॅसिटरचा माथा सपाट असतो. खराब झालेला वर फुगतो, कधी बुडाशी तपकिरी खरपुड्या धरतात. हे कपॅसिटर बहुधा हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीच्या) जवळ बसवलेले असतात आणि वर्षानुवर्षे भाजत राहतात. या जागी बहुधा ४७० किंवा १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचे नग असतात. नवे टाकताना मायक्रोफॅरड तेवढेच हवेत, व्होल्ट तेवढे किंवा जास्त चालतील. मात्र १०५ अंश उष्णता सोसणारे, लो ईएसआर (आतला विरोध कमी असलेल्या) प्रकारचेच घ्या. ८५ अंशांचे साधे कपॅसिटर स्वस्त मिळतात आणि लवकरच पुन्हा फुगतात. कपॅसिटरवरची पट्टी ऋण बाजूची असते, पण बोर्डवरची खूण प्रत्येक कंपनी वेगळी छापते. म्हणून जुना काढण्याआधी फोटो घ्यायला सांगा.

‘सांगा’ म्हटले ते मुद्दाम. याच बोर्डवरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये २३० व्होल्टचा पुरवठा असताना सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहतात. हे काम कारागिराकडूनच करून घ्या. सुटे भाग थोडक्या पैशांत येतात, त्यामुळे ही दुरुस्ती करण्यासारखी आहे. ट्यूबच गेली असेल तर मात्र नाद सोडा. ती बदलायला पॅनेल उकलावे लागते, आत धूळ शिरते आणि डाग कायमचे राहतात.

प्रश्न: नवे ग्राफिक्स कार्ड बसवले. पंखे फिरतात, पण मॉनिटरवर ‘नो सिग्नल’. (एक वाचक, नाशिक)

मॉनिटरची वीज चालू ठेवून सिग्नलची केबल मॉनिटरकडून काढा. ‘केबल जोडलेली नाही’ अशा अर्थाचा संदेश आला, तर मॉनिटर बहुधा ठीक आहे. आता सीपीयूच्या मागे बघा. टॉवर कॅबिनेटमध्ये यूएसबीच्या शेजारची उभी पोर्ट मदरबोर्डची, खालच्या आडव्या पट्टीतली कार्डची. केबल कार्डालाच हवी. नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेल्या इंटेल प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतेच, त्यामुळे मदरबोर्डच्या पोर्टवर काही दिसण्याची आशा नाही. कार्डाला वेगळी ६ किंवा ८ पिनची पॉवर लागत असेल तर तीही तपासा.

एवढ्यावर भागले नाही तर प्लग काढून रॅम बाहेर घ्या, सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलक्या हाताने घासा, रबराचा भुगा झटका आणि कट्‌ आवाज येईपर्यंत परत दाबा. कार्ड बसवताना रॅमला धक्का लागणे नेहमीचे आहे.

डिस्प्लेपोर्ट (मॉनिटर जोडायच्या केबलचा एक प्रकार) वापरत असाल तर आणखी एक. काही हलक्या केबलमध्ये २० क्रमांकाची पिन दोन्ही टोकांना जोडलेली असते. त्या पिनवर ३.३ व्होल्ट असतात. ते मॉनिटरकडून उलटे कार्डात जातात आणि संगणक नीट सुरूच होत नाही. अशी केबल दुरुस्त करत बसू नका, टाकून द्या.

प्रश्न: दुकानातल्या मॉनिटरवर पांढरे सगळे पिवळे दिसते. केबल हलवली की क्षणभर ठीक होते. (एक वाचक, इचलकरंजी)

ही व्हीजीए केबल, म्हणजे तीन ओळींत पिना असलेली जुन्या पद्धतीची, आणि तिच्यातला निळा रंग तुटला आहे. पांढऱ्यातून निळा गेला की पिवळे उरते. लाल गेला तर आकाशी झाक येते, हिरवा गेला तर जांभळट गुलाबी. केबलचे टोक, रुंद बाजू वर करून, पिना आपल्याकडे येतील असे धरा. वरच्या ओळीत डावीकडून पहिली पिन लाल, दुसरी हिरवी, तिसरी निळी. तिसरी वाकली असेल तर बॉलपेनची रिकामी रिफील तिच्यावर चढवून हळूच सरळ करा. पक्कड लावाल तर पिन मोडेल. मधल्या ओळीतली चौथी पिन नसली तरी घाबरू नका, पुष्कळ केबलमध्ये ती मुळातच नसते. पिना धड असून रंग जातच असेल तर तार आतून तुटली आहे, केबल बदला.

याच केबलच्या १२ आणि १५ क्रमांकाच्या पिनांवरून मॉनिटर आपली माहिती संगणकाला कळवतो. त्या तुटल्या की रेझोल्यूशन १०२४×७६८ वर अडकते आणि अक्षरे फोफशी दिसतात. असे झाले की लोक ड्रायव्हर टाकत बसतात आणि दोष निघतो केबलचा.

प्रश्न: १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर घेतला, पण ६०च दिसते. (एक वाचक, पुणे)

विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले असे जा आणि रिफ्रेश रेटचा, म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा ताजे होते त्याचा, आकडा स्वतः निवडा. तो आपोआप बदलेलच असे नाही. यादीत १४४ नसेल तर डिस्प्लेपोर्टची केबल लावा. एचडीएमआय १.४ असलेले बरेच मॉनिटर त्या पोर्टवर फुल एचडीला १२० च्या पुढे जात नाहीत.

प्रश्न: पडद्यावर वरपासून खालपर्यंत एक हिरवी रेघ आली आहे. (एक वाचक, रत्नागिरी)

मॉनिटरचे बटण दाबून त्याचा स्वतःचा मेनू उघडा आणि रेघ जिथे आहे तिथे तो सरकवता आला तर सरकवा. हा मेनू संगणकाकडून येत नाही, मॉनिटरच काढतो. रेघ मेनूवरूनही जात असेल तर दोष मॉनिटरच्या आत आहे. मेनू स्वच्छ आणि बाकी चित्रावर रेघ असेल तर कार्ड, ड्रायव्हर किंवा केबल बघा.

फुल एचडी पॅनेलमध्ये १९२० उभ्या रांगा, प्रत्येकीत लाल, हिरवा, निळा असे तीन, म्हणजे ५७६० उभे स्तंभ असतात. प्रत्येकाची तार काचेच्या एका कडेला, पुष्कळदा खालच्या, पातळ फिल्मवर येते. ही फिल्म उष्णता आणि दाब देऊन काचेला चिकटवलेली असते. एक तार सुटली की एकाच रंगाची एक रेघ येते. पट्टाच्या पट्टा गेला तर आख्खी फिल्म किंवा तिच्यावरची चिप गेली. चौकट दाबल्यावर रेघ जाते म्हणून कागदाची घडी खुपसू नका, काचेला तडा जातो. फिल्म पुन्हा चिकटवायला बाँडिंग मशीन लागते. साध्या मॉनिटरसाठी तो खर्च परवडत नाही. वॉरंटी असेल तर आजच तक्रार नोंदवा.

पडदा कशाने पुसता हेही पाहा. काचेवर थेट फवारा मारला की थेंब ओघळून खालच्या चौकटीत, नेमका याच जोडांवर जातो. मॉनिटर बंद करून थंड होऊ द्या, मऊ मायक्रोफायबरचे कापड साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळा आणि वरून खाली पुसा. खिडक्यांच्या काचा पुसायचा अमोनियावाला द्रव पडद्यावरचा लेप खराब करतो.

प्रश्न: खुर्चीवरून उठलो की मॉनिटर सेकंदभर काळा होतो. घरचे हसतात. (एक वाचक, नागपूर)

हसण्यासारखे काही नाही. गॅसवर वरखाली होणाऱ्या खुर्चीत स्थिर वीज साठते आणि उठता-बसता सुटते. त्या झटक्याची लहर केबल पकडते, जोडणी तुटते आणि पुन्हा जुळेपर्यंत पडदा काळा राहतो. कोरड्या हवेत हे जास्त होईल. चांगल्या शील्डिंगची (बाहेरच्या लहरी अडवणाऱ्या आवरणाची), दोन मीटरच्या आतली केबल घ्या. मॉनिटरकडच्या टोकाला फेराइट कोअर (केबलवर बसणारे, अशा लहरी अडवणारे कडे) अडकवा. केबल एक्स्टेंशन बोर्डाच्या वायरीपासून दूर ठेवा.

पंख्याचे किंवा ट्यूबलाइटचे बटण दाबतानाही असेच होत असेल, तर इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. सॉकेटवर फेज आणि अर्थमध्ये जवळपास २३० व्होल्ट आले पाहिजेत, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. तीन पिनच्या प्लगला दोन पिनचा जोड लावून संगणक चालवत असाल तर तो जोड आधी काढा.