एजन्सी सोडायची आहे, पण मालिका चालू आहे

प्रश्न : मी सोलापूरची. राज्य नाट्य स्पर्धेत काम करत करत आता मुंबईत एका मराठी मालिकेत आहे. ही भूमिका माझ्या एजन्सीनेच मिळवून दिली. करार तीन वर्षांचा, त्यातली दोन झाली. कमिशन २० टक्के. गेले आठ महिने एकही ऑडिशन नाही, फोनही उचलत नाहीत. संबंध न बिघडवता बाहेर कसं पडायचं? आणि मालिकेवरचं कमिशन किती दिवस द्यायचं?
— अभिनेत्री, जुळे सोलापूर

उत्तर : आधी करार काढून नीट वाचा. प्रत हाताशी नसेल तर ईमेलने मागून घ्या, सोडण्याचा विषय त्यात काढू नका. मुदत, नोटिशीचा काळ, करार संपल्यानंतरचं कमिशन आणि वाद कुठल्या शहरात चालेल, हे शोधा. लोक हमखास अडकतात ते नूतनीकरणाच्या वाक्यात. मुदत संपण्याआधी ३० किंवा ६० दिवस लेखी कळवलं नाही तर करार आपोआप पुढे चालू, असं तिथे लिहिलेलं असू शकतं. तसं असेल तर ती तारीख चुकवू नका.

तुमचं अजून एक वर्ष बाकी आहे. नोटीस देऊन बाहेर पडायची मुभा करारात असेल तर कारणही सांगावं लागत नाही. नसेल तर भारतीय करार कायदा, १८७२ मधलं कलम २०५ आड येतं : ठरावीक मुदतीची एजन्सी पुरेशा कारणाशिवाय आधी मोडली तर भरपाई मागता येते. म्हणून कारण कागदावर हवं. तुम्ही कामाबद्दल कधी विचारलंत, उत्तर आलं की नाही, ते ईमेल आणि व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट तारखेप्रमाणे लावून ठेवा. मग त्रुटी दाखवून ती सुधारायला करारात असेल तेवढी मुदत द्या. उल्लेखच नसेल तर ३० दिवस पुरेत. नाखूश कलाकाराला धरून ठेवण्यात एजन्सीचंही भलं नसतं, त्यामुळे परस्पर संमतीने मोकळं व्हायची तयारी इथेच दिसू लागते. तसं ठरलं तर दोघांच्या सह्यांचं एक पानी पत्र करा.

ही बातमी सगळ्यात आधी एजन्सीला तुमच्याकडूनच कळली पाहिजे. सेटवर मेकअप रूममध्ये बोललात की ती दुसऱ्याच तोंडून त्यांच्यापर्यंत पोचते आणि बोलणं रागातच सुरू होतं. शूटिंगसाठी मुंबईत असाल तेव्हा ऑफिसात जाऊन भेटा, त्याच दिवशी ईमेल पाठवा. भेट मिळत नसेल तर थेट ईमेल. मजकूर एवढाच असावा :

‘दि. … च्या करारातील कलम … नुसार ही नोटीस देत आहे. करार दि. … रोजी संपेल. त्यानंतर माझ्या वतीने बोलणी करू नयेत, तारखा देऊ नयेत. माझं नाव सुचवलेल्या आणि बोलणी चालू असलेल्या कामांची यादी, तसंच आजवरचा हिशोब १५ दिवसांत पाठवावा. आतापर्यंतच्या कामाबद्दल आभारी आहे.’

तक्रारी या पत्रात नकोत, त्या आधीच्या पत्रव्यवहारात आलेल्या आहेत. हेच पत्र करारातल्या पत्त्यावर स्पीड पोस्टने पाठवा आणि पोच जपून ठेवा. कामांची यादी मागायलाच हवी. ती नसली की सहा महिन्यांनी मिळालेल्या भूमिकेवरही ‘तुमचं नाव आम्हीच सुचवलं होतं’ असा दावा येऊ शकतो.

आता कमिशन. त्यांनी मिळवून दिलेल्या मालिकेचा तुमचा करार चालू आहे तोवर ते सहसा द्यावं लागतं, आणि द्यावं. इथे घासाघीस करून नाव खराब करू नका. मात्र मालिकेच्या कराराचं नूतनीकरण, वाढीव पर डे (दिवसाचं मानधन) आणि त्याच निर्मात्याची पुढची मालिका यांवर कमिशन आहे की नाही, हे निरोपाच्या पत्रातच लिहून घ्या. भांडणं बहुधा या तीन गोष्टींवरून होतात.

सगळ्यात जास्त लक्ष पैशाच्या वाटेवर ठेवा. मालिकांचे पैसे साधारण ९० दिवसांनी येतात. म्हणजे करार जूनअखेर संपला तरी एप्रिल, मे, जूनच्या कामाचे पैसे जुलैनंतर एजन्सीच्याच खात्यात पडू शकतात. समजा पर डे ५,००० आणि महिन्यात १५ दिवस काम : ७५,००० रुपये. टीडीएस १० टक्के म्हणजे ७,५००. कमिशन टीडीएस कापण्याआधीच्या रकमेवर धरलं तर १५,०००, आणि एजन्सी जीएसटीत नोंदलेली असेल तर कमिशनवर १८ टक्के, २,७००. तुमच्या हातात ४९,८०० यायला हवेत. असा हिशोब महिन्यागणिक मांडा आणि कॉल शीटशी (त्या-त्या दिवसाच्या शूटिंगच्या वेळापत्रकाशी) ताडून बघा. टीडीएस तुमच्या पॅनवर भरला गेलाय का, तेही आयकराच्या पोर्टलवर तपासा. मागितल्यावर हिशोब देणं करार कायद्याच्या कलम २१३ प्रमाणे एजंटचं कर्तव्यच आहे.

एजन्सीला नोटीस पोचली की प्रॉडक्शन हाऊसच्या ईपीला (एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर) आणि अकाउंट्सला दोन ओळींचा ईमेल करा : अमुक तारखेपासून तारखा आणि पेमेंटसाठी थेट माझ्याशी संपर्क साधावा. चालू मालिकेचं पेमेंट एजन्सीमार्फतच घ्यायचं असं करारात असेल तर आधी त्यांची लेखी संमती घ्या. हा ईमेल टाळू नका. करार कायद्याच्या कलम २०८ नुसार तिसऱ्या पक्षाला, म्हणजे इथे प्रॉडक्शन हाऊसला, कळेपर्यंत त्याच्यापुरता एजंटचा अधिकार संपत नाही. जुन्या एजंटने दिलेल्या तारखा तुमच्या गळ्यात पडू शकतात.

नव्या एजन्सीशी बोलायला हरकत नाही, पण जुना करार एक्स्क्लुझिव्ह (फक्त त्यांच्यामार्फतच काम घ्यायचं, असा) असेल तर तो संपायच्या तारखेआधी सही करू नका. नाहीतर एकाच भूमिकेवर दोघांचं कमिशन भरायची वेळ येते.

प्रश्न : करार संपल्यावरही एक वर्ष दुसऱ्या एजन्सीकडे जायचं नाही, असं कलम आहे. पाळावंच लागेल?
— अभिनेता, सोलापूर

उत्तर : करार संपल्यानंतर व्यवसायावर घातलेली बंदी भारतीय करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे सहसा टिकत नाही. क्रिकेटपटू झहीर खान आणि त्याची मॅनेजमेंट कंपनी यांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये, मुदतीनंतरच्या करारांवरही पहिला हक्क कंपनीचाच, हे करारातलं कलम याच आधारावर अमान्य ठरवलं. मुदतीच्या आतली बंधनं मात्र पाळावी लागतात.

प्रश्न : लेखी काहीच नाही, सगळं व्हॉट्सॲपवर. कोऑर्डिनेटरला नुसतं ब्लॉक केलं तर?
— कलाकार, अक्कलकोट रोड

उत्तर : नको. तोंडी एजन्सीही कायद्याने ग्राह्य आहे आणि वाजवी नोटीस तिलाही लागते. ३० दिवसांचा मेसेज आणि ईमेल पाठवा, त्याने आणलेल्या कामाचं कमिशन चुकतं करा. ईमेल, इन्स्टाग्राम, कास्टिंग साइटवरचं प्रोफाइल त्याने उघडलं असेल तर पासवर्ड आणि नोंदवलेला मोबाइल नंबर त्याच्याशी बोलून बदलून घ्या. पोर्टफोलिओचे पैसे तुम्ही दिले असतील आणि वेगळं काही ठरलं नसेल तर फोटोंचा कॉपीराइट तुमचा. त्याने दिले असतील तर वापरायची परवानगी लेखी मागा. प्रकरण वकिलाच्या नोटिशीपर्यंत गेलंच तर सोलापूर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता तिथे वकिलाची मोफत मदत मिळते.