बाळ आठ दिवसांचं आहे. मान धरेपर्यंत बापाने त्याला घेऊ नये म्हणतात, हे खरं आहे का? आणि घ्यायचं तर कसं?

तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवेना. बायको माहेरी, रविवारी बारसं, आणि सासरची वडीलधारी माणसं सांगतात की गड्यांच्या हाताला अंदाज नसतो, तुम्ही लांबूनच बघा. तुम्ही विचारताय, घ्यावं की नाही.

घ्या. रविवारची वाटही बघू नका, आज जाता आलं तर आज जा. बाळ मान धरायला तीन-चार महिने लागतात. तेवढा काळ बापाने हात लावू नये असं कोणताही बालरोगतज्ज्ञ सांगत नाही.

धरण्यात सांभाळायची ती मान. नवजात बाळाचं डोकं अंगाच्या मानाने फार मोठं असतं, जवळजवळ एकूण लांबीच्या पाव हिश्शाएवढं, आणि ते पेलायची ताकद मानेत नसते. म्हणून एक हात डोक्या-मानेखाली, दुसरा ढुंगणाखाली, आणि आपण खाली वाकून बाळ छातीशी घ्यायचं. मग डोकं कोपराच्या आतल्या बाजूला टेकवायचं. दंडाला धरून ओढायचं नाही. डोकं जरा मागे कललं की बाळ दोन्ही हात फाकून दचकतं. ते सगळ्याच तान्ह्या बाळांचं होतं, तुमच्या हातून काही बिघडलं असं समजू नका. टाळू धडधडताना दिसली तरी घाबरू नका, आणि तिथे चुकून बोट लागलं म्हणून काही होत नाही. पहिल्यांदा भिंतीला टेकून मांडी घालून बसा आणि बाळ कुणालातरी मांडीवर द्यायला सांगा. उभ्याने घ्यायचं नंतर जमेल.

‘हाताला अंदाज नसतो’ हे वाक्य मीही ऐकलंय, म्हणून आता थोडं लांबवतो.

मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आहे. हात राठ, नखांत ग्रीस. बायकोला आठव्या महिन्यात बीपी वाढलं, पायांवर सूज आली, आणि तालुक्याच्या डॉक्टरांनी तिला झटके येण्याच्या भीतीने जिल्ह्याला पाठवलं. सिझर झालं. मुलगी दीड किलोलाही कमी भरली. तिला काचेत ठेवलं, आणि बायको दुसऱ्या मजल्यावर बीपी उतरायची वाट बघत पडलेली. सोबत माझी आत्या होती. भावकीतली निम्मी लेकरं तिच्या पायांवर आंघोळ करून मोठी झालीत, तिचा शब्द कुणी खाली पडू देत नाही. ती व्हरांड्यात बसून म्हणाली, “सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही.”

हे मी आधी खोडून टाकतो, कारण अजूनही घराघरांत बोललं जातं. ते साफ खोटं आहे. पोटात जितके आठवडे जास्त, तितकी फुफ्फुसं तयार होतात, दूध ओढायची आणि गिळायची ताकद येते. आठव्या महिन्यातल्या बाळाला सातव्यापेक्षा जगण्याची संधी जास्तच असते. ज्या बाईचं पोट नुकतं शिवलंय तिच्या कानावर असलं वाक्य घालणं हा क्रूरपणा आहे.

तिसऱ्या दिवशी सिस्टर बाहेर आल्या. मुलगी आता ऑक्सिजनशिवाय श्वास घेत होती, पण वजन आणि अंगातली ऊब टिकत नव्हती. कक्षात बाळं जास्त आणि वॉर्मर कमी. त्यांनी विचारलं, “बाळाचे वडील कोण? आंघोळ करून या, नखं कापा, पुढे बटणं असलेला शर्ट घाला.” मी रॉकेलने ग्रीस काढलं, मग साबणाने कोपरापर्यंत हात घासले. आत्या म्हणाली, तू कुठे आत चाललास, आत सगळ्या बायका. सिस्टरने तिला बाजूला केलं.

आत मला टेकून बसवलं, शर्टाची बटणं काढायला लावली आणि मुलीला नुसत्या लंगोट, टोपडं आणि पायमोज्यांवर माझ्या उघड्या छातीवर उभं ठेवलं. पाय बेडकासारखे दुमडलेले, हात दुमडलेले, डोकं एका बाजूला वळवलेलं आणि हनुवटी किंचित वर. हनुवटी छातीवर टेकली तर श्वासाची वाट दबते, म्हणून नाक-तोंड सतत दिसत राहिलं पाहिजे. वरून कापडाने आम्हा दोघांना एकत्र बांधलं. याला कांगारू मातृ सेवा म्हणतात, पण ती बाप, आजी, मावशी कुणीही देऊ शकतं. एकदा घेतलं की निदान तासभर तरी हलवायचं नाही, नाहीतर बाळाची झोप आणि ऊब दोन्ही मोडतात.

सिस्टरने एक गोष्ट शिकवली ती तुम्हालाही उपयोगी पडेल. बाळाच्या पोटाला आणि तळपायाला हाताची मागची बाजू लावून बघायची. दोन्ही उबदार असतील तर ठीक. पोट उबदार आणि पाय गार असतील तर बाळाला थंडी बाधतेय, लगेच छातीशी घ्या आणि पांघरूण घाला. दोन्ही गार असतील तर छातीशी धरूनच दवाखाना गाठा. माझ्या मुलीचे पाय पहिल्या दिवशी गारच होते. छातीवर घेतल्यावर ते ऊबदार झाले, आणि मॉनिटरवरचे खालीवर होणारे आकडे शांत झाले. ते मी डोळ्यांनी पाहिलं. पुढे घरी जाईपर्यंत आम्ही नवरा-बायकोने पाळ्या लावून तिला छातीवरच ठेवली, बायको दूध पाजायची आणि रात्रीचा मोठा भाग माझ्याकडे असायचा.

बारशाला आत्या भावकीसमोर म्हणाली, “मशीननं वाचवलं लेकरू. याने छातीला धरून काय झालं?” तेव्हा पाहुण्यांसमोर मी काही बोललो नाही. आता बोलतो.

मशीनने वाचवलं हे पहिल्या दोन-तीन दिवसांपुरतं खरं आहे. ऑक्सिजन, सलाईन आणि इंजेक्शनं यांना पर्याय नव्हता. पण ही छातीवर धरायची पद्धत निघालीच मुळी मशीन पुरत नव्हती म्हणून. 1978 साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात एका काचेच्या पेटीत दोन-तीन बाळं ठेवायची वेळ आली होती, तेव्हा एदगार रे या डॉक्टरांनी ती सुरू केली. त्यानंतर तिची परीक्षा झाली. 2021 साली भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया अशा पाच देशांतल्या मोठ्या रुग्णालयांमधला अभ्यास प्रसिद्ध झाला, भारतातलं रुग्णालय दिल्लीचं सफदरजंग. 1 किलो ते 1.8 किलोच्या आतल्या बाळांना जन्मल्यावर लगेच छातीवर घेतलं तर, प्रकृती स्थिर होईपर्यंत थांबण्याच्या तुलनेत, पहिल्या महिन्यातले मृत्यू 25 टक्क्यांनी कमी झाले. 2022 पासून जागतिक आरोग्य संघटना कमी दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांसाठी हे रोज 8 ते 24 तास करायला सांगते. आत्या, छातीला धरून हे होतं.

आणि गडचिरोली तर आपलीच. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, वजन करणं, ऊब देणं, आजार ओळखणं. 1999 साली त्यांचा अहवाल आला, तिथले नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी उतरले होते. आज आशाताई घरोघरी येतात, तिसऱ्या दिवसापासून 42व्या दिवसापर्यंत, त्याचं मूळ तिथे आहे. म्हणजे अंदाज हा शिकवला की येतो. बाईच्या हाताला तो जन्मजात असतो हेही खरं नाही. माझ्या बायकोलाही पहिल्या दिवशी भीतीच वाटत होती, फक्त तिला घरातल्या बायका रागावल्या नाहीत, हात धरून शिकवत गेल्या.

आत्याचं आणि माझं खरं वाजलं ते घरी आल्यावर. तिला मुलीला लगेच तेल लावून पायांवर घ्यायचं होतं. वजन वाढेपर्यंत आंघोळ नाही, ओल्या फडक्याने पुसायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी मुलगी दिली नाही. ती बरेच दिवस माझ्याशी बोलली नाही. तिचे हात मऊ आहेत, पायांवर बाळ पालथं घेऊन मान सावरायची तिची हातोटी मी बघितली आहे आणि तिचा मान ठेवतो. पण त्याच आंघोळीत ती बाळाला पायाला धरून उलटं करते, नाकात-कानात तेल सोडते, नाक दाबून ‘उंच’ करते, छाती पिळून ‘दूध’ काढते आणि शेवटी वर उडवून झेलते. तेल नाकातून फुफ्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. आईच्या संप्रेरकांमुळे काही बाळांची छाती सुजते ती आपोआप उतरते, पिळलं तर तिथे गळू होतं. आणि उडवताना-हलवताना मेंदू कवटीत हिसकतो, बारीक शिरा तुटून रक्तस्राव होऊ शकतो. एवढं सगळं चालतं, आणि बापाने मांडीवर घेतलेलं मात्र चालत नाही. ज्यांना बाळाच्या मानेची काळजी आहे त्यांनी आधी ते उडवणं बंद करावं.

म्हणून बारशाला गेल्यावर हात धुवा, अंगठी-घड्याळ काढा, बसा, आणि बाळ मागा. नाही म्हणाले तर शांतपणे पुन्हा मागा. भांडण बायकोच्या अंगावर ढकलू नका, ती बाळंतीण आहे. ढेकर काढायला खांद्यावर घ्या, लंगोट बदला, रात्री एक पाळी तुम्ही घ्या. खासगी नोकरीत बापाला कायद्याने एक दिवसाचीही रजा नाही, त्यामुळे मिळेल ती सुट्टी यातच घाला.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. तुम्हाला सर्दी-खोकला असेल तर आत्ता घेऊ नका, किंवा मास्क लावा, आणि पाहुण्यांना पापे घेऊ देऊ नका. हातात चहा असताना बाळ घ्यायचं नाही. बाळ रडून रडून तुमचा संयम सुटायला लागला तर त्याला पाळण्यात उताणं ठेवा, दुसऱ्या कुणाला हाक मारा आणि बाहेर जा. हलवून गप्प करायचं नाही, कधीच नाही. सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बाळ छातीवर घेऊन झोपू नका. मी रात्री घ्यायचो तेव्हा ती कापडाने बांधलेली असायची, मी टेकून बसलेलो असायचो आणि सिस्टर फेऱ्या मारत असायच्या. घरी डोळा लागायला लागला की बाळ खाली ठेवायचं. झोपवताना कायम पाठीवर. नाळेला काही लावायचं नाही, कोरडी ठेवायची, ती आपोआप गळते.

तुमचं बाळ पूर्ण दिवसांचं आणि चांगल्या वजनाचं असेल तर बांधून तासन्‌तास छातीवर ठेवायची गरज नाही, पण रोज थोडा वेळ उघड्या छातीवर घ्यायला काही हरकत नाही. आणि बाळ दूध ओढेनासं झालं, अंग तापलं किंवा गार पडलं, श्वास घेताना छाती आत ओढली जायला लागली, तळहात-तळपाय पिवळे दिसले किंवा झटका आला, तर कुणाच्याही घरगुती उपायाची वाट न बघता 102 किंवा 108ला फोन करा. सरकारी दवाखान्यात वर्षाच्या आतल्या आजारी बाळाचा उपचार मोफत असतो. गाडी येईपर्यंत बाळ तुमच्या छातीशी कपड्याच्या आत असू द्या.