दिव्यापलीकडचं भेकर

प्रश्न : काका, माझं वय २४. रत्नागिरीत कामाला आहे, रात्री अकराला सुटतो. हातखंबा, पाली, नाणीजवरून साखरप्याजवळच्या माझ्या गावी मोटरसायकलने येतो. गाडी १२५ सीसी, २०२१ची. गेल्या आठवड्यात गडग्यावरून एक भेकर थेट पुढ्यात उतरलं. ते चुकवताना गाडी साइडपट्टीवर घसरली. कोपर सोलवटलं, निभावलं. आता आई रात्री जेवत नाही, दारात बसून राहते. गाडीला शिट्टी लावली की जनावरं पळतात, असं मित्र म्हणतात. खरं आहे का? परत असं झालं तर गाडी वळवायची की ब्रेक मारायचा?

उत्तर : माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचा आहेस, म्हणून ‘तू’ म्हणतो. पशुसंवर्धन खात्यात पर्यवेक्षक होतो. गाय अडली की लोक रात्री दोनलाही बोलवायचे, त्यामुळे देवरुख-साखरपा पट्ट्यातले रस्ते मी बहुतेक अंधारातच पाहिले.

आधी शिट्टी. तिच्यावर पैसे घालू नकोस. परदेशात त्या कित्येक वर्षं विकल्या जातात, पण त्यांनी धडका कमी होतात असं चाचण्यांत सिद्ध झालेलं नाही.

खरा घोळ वेगाचा आहे. रस्ता रुंद नि गुळगुळीत झाला की हात आपोआप ६०वर जातो, पण आपला दिवा आहे तेवढाच राहतो. मी एकदा घराजवळच्या रस्त्यावर तांबूस गोणपाट टाकलं आणि डिपर, म्हणजे दिव्याचा खालचा झोत, लावून पावलं मोजली. चाळीस पावलांपलीकडे गोणपाट दिसेना, म्हणजे साधारण ३० मीटर. भेकराचा रंग तोच, आपल्या जांभ्याच्या मातीत मिसळणारा. आता हिशेब कर. ताशी ६०ला गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. दिसणं, कळणं आणि हात ब्रेकवर जाणं यात दीड सेकंद धरला तर २५ मीटर तिथेच संपले. कोरड्या डांबरावर थांबायला आणखी वीसेक मीटर लागतात. ४०ला हे सगळं मिळून २७-२८ मीटरांत होतं. म्हणून समोरून गाडी येत असेल आणि डिपर लावावा लागत असेल, तर ४०च्या वर जायचं नाही. पावसात त्याहून कमी. समोर कोणी नसेल तेव्हा अप्पर लाव, लांबचं दिसतं. मात्र डोळे चमकले की लगेच डिपर कर, वेग पार उतरव, हॉर्न एकदा वाजव आणि जनावराला जाऊ दे. अप्परने ते थांबतं असं म्हणतात, ते अर्धवट खरं आहे. ते दिपून थबकतं आणि मग कुठेही उडी मारतं, अगदी तुझ्याच अंगावर.

आणि ते गेलं तरी लगेच गिअर टाकू नकोस. हे मी हाड मोडून शिकलो. शिमग्याच्या आधीचे दिवस होते, सावरी फुललेल्या. सावरीची गळलेली फुलं खायला भेकरं, सांबरं झाडाखाली येतात, हे मला माहीत होतं. मादी रस्ता ओलांडून गेली, मी तिच्याकडेच बघत राहिलो आणि मागून आलेलं पाडस चाकात आलं. माझं गळ्याजवळचं हाड जोडलं गेलं. ते पाडस मात्र माझ्या पिशवीत औषधं असूनही माझ्यासमोर गेलं. एक दिसलं की दुसरं आहे असंच धर. रानडुकरं तर रांगेनेच चालतात, पुढे थोराड, मागे पिल्लं. भात पिकतं त्या दसरा-दिवाळीच्या दिवसांत ती रोज उतरतात. उन्हाळ्यात पऱ्ह्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, साकवाजवळ सावध राहा, पाणी तिथेच उरतं.

वळवायचं की ब्रेक? ब्रेक. गाडी सरळ उभी ठेवून, दोन्ही. तू वळवलीस म्हणूनच घसरलास. जनावर कुठल्या बाजूला जाईल ते त्यालाही ठाऊक नसतं, आणि आपल्याकडे साइडपट्टीपलीकडे गटार नाहीतर दरी. तुझ्या गाडीला सीबीएस (दोन्ही ब्रेक जोडलेली सोय) असणार, २०१९पासून नव्या गाड्यांना ते किंवा एबीएस (चाक जाम होऊ न देणारी सोय) सक्तीचं झालं. पायाचा ब्रेक दाबला की त्यात पुढचाही थोडा लागतो, पण तेवढ्यावर भागत नाही, हाताचाही हवा. रविवारी सकाळी मोकळ्या डांबरी रस्त्यावर ४०वरून थांबायचा सराव कर. पुढचा ब्रेक झटक्याने नाही, दाब वाढवत नेत. दहा-बारा वेळा केलंस की हाताला कळेल. भेकर वीस-पंचवीस किलोचं, सांबराचा नर दोनशेच्या वर. वेग उतरलेला असेल तर धडक बसली तरी बहुधा निभावतं.

हेल्मेटची काच चरे पडलेली असेल तर आजच बदल. समोरचा दिवा त्या चऱ्यांत फुटतो आणि रस्ताच दिसत नाही.

कधी जनावर लागलंच, तर आधी स्वतःला सांभाळ, गाडी कडेला घे, जखमी असशील तर १०८ला फोन कर. मग वनखात्याच्या १९२६वर कळव. जनावराभोवती गर्दी होऊ देऊ नकोस, टॉर्च डोळ्यांवर मारू देऊ नकोस, पाणी पाजायला कोणी धावलं तर अडव. हरणाच्या जातीचं जनावर जखमेपेक्षा धास्तीनेही मरतं. आणि कोणी ‘वाटे करूया’ म्हणालं तर ठाम नाही म्हण. १९७२च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.

नाणीज सोडल्यावर तुझा अंधाराचा रस्ता वीसेक किलोमीटर धरू. ६०ने वीस मिनिटं, ४०ने तीस. आईला सांग, यापुढे मी दहा मिनिटं उशिरा येईन, तू जेवून घे.