टीटी म्हणजे रेबीजची लस नव्हे

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका वहिनींचं पत्र आलंय. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारीण सहा वर्षांच्या लेकीला घेऊन आली होती. जिन्याखाली साखळीला बांधलेला वहिनींचा कुत्रा ब्रूनो भाकरी खात होता, तो पोरीच्या दंडाला चावला आणि रक्त आलं. घरच्यांनी हळद दाबली, जवळच्या डॉक्टरांनी 'एक इंजेक्शन' दिलं. आता मुलीचे वडील पोलिसांत जाईन म्हणतायत. वहिनींचे मिस्टर म्हणतात, पोरीनं शेपटी ओढली, ब्रूनोला लसही दिलेली आहे, आपला काय संबंध? घर सासूबाईंच्या नावावर. त्या म्हणतात, कुत्रं पन्हाळ्याच्या वाटेला सोडून या. आणि जाता जाता एक ओळ: 'दोन वर्षांपूर्वी गॅसवाल्याची पॅंट धरली होती, पण तेव्हा काही झालं नव्हतं.'

वहिनी, केसचं नंतर बघू. ते 'एक इंजेक्शन' कसलं होतं, हे आधी शेजारणीला विचारा. बहुतेक वेळा ते टीटी, म्हणजे धनुर्वाताचं असतं. लोक निर्धास्त होतात आणि रेबीजची लस राहूनच जाते. राहिली असेल तर पोरीला आजच सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात न्या. दिवस उलटले म्हणून लस टाळायची नसते. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते. कातडीत दिली तर 0 (म्हणजे पहिल्या डोसच्या), 3, 7 आणि 28 व्या दिवशी, स्नायूत दिली तर 14 व्या दिवशी आणखी एक. रक्त आलेला चावा तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात गंभीर श्रेणीत मोडतो, म्हणून लसीबरोबर जखमेत सीरमही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) भरावं लागतं. ते वजनावर ठरतं: घोड्यापासूनचं असेल तर किलोला 40 युनिट, म्हणजे 20 किलोच्या पोरीला 800. लसीचा पहिला डोस झाल्यापासून सात दिवसांच्या आतच ते देतात. हळद, चुना, तिखट जखमेला लावायचं नसतं. चावल्याबरोबर वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुणं हाच खरा पहिला उपचार. ब्रूनोला लस दिलीय म्हणून पोरीला नको, हा निर्णय तुमचा नाही, डॉक्टरांचा.

ब्रूनो दहा दिवस डोळ्यांसमोर हवा. या काळात तो ठणठणीत राहिला तर पुढचे डोस थांबवायचे का, हे डॉक्टर ठरवू शकतात. पन्हाळ्याच्या वाटेला सोडलात तर ही सोयच जाते, पोरीला सगळे डोस घ्यावे लागतात, आणि पाळीव जनावर टाकून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. सासूबाईंना एवढं सांगितलं तरी पुरे.

आता पोलीस. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम 291 इथं लागतं. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापतीचा संभव असताना पुरेशी काळजी न घेणं, हा तो गुन्हा. सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दखलपात्र आहे, पण जामीनपात्र. कलमात शब्द 'ताब्यातल्या' असा आहे, त्यामुळे प्रॉपर्टी कार्डावर कुणाचं नाव आहे यापेक्षा कुत्रं कोण पाळतं याला महत्त्व. दिवाणी दाव्यात मात्र सासूबाईंचं नावही घातलं जाऊ शकतं.

इथं तुमची ती गॅसवाल्याची ओळ सगळ्यात जड आहे. ब्रूनो माणसाच्या अंगावर जातो हे घराला ठाऊक होतं, तरी पाहुण्यांच्या वाटेवर, जेवताना, पोरांच्या हाताच्या अंतरावर बांधला. शेपटीचं कारण यापुढं टिकत नाही, कारण सहा वर्षांच्या पोराकडून मोठ्या माणसाच्या समजुतीची अपेक्षा कोर्टही करत नाही. दारावर 'कुत्र्यापासून सावध' पाटी असली तर तीही बोलावलेल्या पाहुण्यापुढं ढाल होत नाही, उलट धोका माहीत होता याचाच पुरावा. म्हणून गॅसवाल्याची गोष्ट लपवू नका. पुढं उघडी पडली तर जास्त अंगाशी येते.

उपचाराचा खर्च आपण होऊन द्या. रोख नको, खात्यावर, आणि शेरा 'उपचारखर्चापोटी'. घराचा किंवा कुत्र्याचा विमा असेल तर तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचा भाग त्यात आहे का ते बघा, आणि चूक कबूल करणारं काही लिहून देण्याआधी कंपनीला कळवा. 'कायमचं मिटलं' असा कागद आईवडिलांकडून लिहून घेण्याच्या नादी लागू नका. मुलगी अल्पवयीन आहे, त्यामुळे असा कागद तिचा हक्क संपवेल याची खात्री नसते. गुन्हा नोंद झालाच तर तो नुसत्या समजुतीनं मागं घेता येत नाही. दोघांच्या संमतीनं तो रद्द करून मागायला उच्च न्यायालयात जावं लागतं. ऑगस्ट 2025 पासून त्याचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे, निदान मुंबईची फेरी वाचली.

पुढच्या हळदीकुंकवाला ब्रूनो साखळीवर नको. बांधलेल्या कुत्र्याला मागं सरता येत नाही, म्हणून तो लवकर दात काढतो. आतल्या खोलीत ठेवा, बाहेरून कडी घाला, पोरांचा हात पोचणार नाही इतकी वर.

आज संध्याकाळी शेजारणीकडं तुम्हीच जा. ब्रूनोच्या लसीच्या कार्डाची झेरॉक्स द्या, 28 व्या दिवसापर्यंतच्या तारखा लिहून घ्या, रिक्षा आमच्याकडून म्हणा. मिस्टरांना न्यायचं असेल तर शेपटीचा विषय काढायचा नाही, हे उंबऱ्याच्या आतच ठरवून निघा.