ग्राउट भरण्याआधी

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा आराखडा वाचला. जुन्या मनोऱ्याखालची सैल वाळू कोलॉइडल सिलिकाच्या (पाण्यात मिसळलेल्या सिलिकाच्या अतिसूक्ष्म कणांच्या) ग्राउटने, म्हणजे जमिनीत पातळ भरून आत घट्ट होणाऱ्या मिश्रणाने, बांधून घ्यायची, ही कल्पना मला आवडली. पण 'पर्यावरणपूरक' हा शब्द पानोपानी दिसतो आणि भूजलाचा उल्लेख कुठेच नाही, हे खटकलं.

या बाबतीत आपल्या क्षेत्राने चांगलेच चटके खाल्ले आहेत. 1974 साली जपानच्या फुकुओका प्रांतात ॲक्रिलामाइड या विषारी रसायनाचं ग्राउट विहिरीत उतरलं आणि ते पाणी पिणारं कुटुंब आजारी पडलं. स्वीडनच्या हालांडसोस बोगद्यात 1997 साली असंच ग्राउट झिरपलं. मासे मेले, गाई लुळ्या पडल्या.

सिलिका तशी विषारी नाही, हे खरं. सुरुवातीला ती जवळपास पाण्याइतकी पातळ असते, म्हणून सिमेंटचे कण जिथे अडकतात त्या बारीक वाळूतही कमी दाबाने मुरते. पण ती वेळेत जमावी म्हणून तू मीठ घालणार आहेस. ते मीठ जाणार कुठे? ओलीबरोबर पायाच्या दगडात चढेल आणि पाणी उडून गेलं की त्याचे स्फटिक दगडाचे पापुद्रे काढतील. म्हणजे माती वाचवली आणि दगड गमावला. जिवाणूंकडून युरिया फोडून चुनखडी जमवण्याची पद्धत सध्या फार गाजते आहे, पण तिच्यातही अमोनियम उरतो आणि तो धुऊन बाहेर काढावाच लागतो.

सिलिका जमून घट्ट व्हायला लागणारा वेळ तू डिस्टिल्ड वॉटरमध्ये मोजला आहेस. जागेवरच्या पाण्यात आधीच क्षार असतील, तर मिश्रण नळीच्या तोंडाशीच जमून बसेल.

आणि खाली वाळूच आहे, याची खात्री केलीस का? आपल्या काळ्या मातीत असलं ग्राउट मुरत नाही. हट्टाने दाब वाढवलास तर माती फाटेल आणि वरचं बांधकाम उचललं जाईल.

पिसाच्या मनोऱ्याचं काय झालं ते माहीत असेलच. 1934 साली पाया भक्कम करायला त्यात साडेतीनशेहून जास्त भोकं पाडून सिमेंट भरलं, तर मनोरा एकाएकी आणखी कलला. शेवटी 1999 ते 2001 दरम्यान उत्तरेकडची माती थोडी थोडी काढली, तेव्हा कल सुमारे अर्ध्या अंशाने कमी झाला. काही न भरताही काम होतं! तुझ्या पर्यायांच्या यादीत हा पर्यायच नाही. आधी तो घाल. ग्राउट एकदा आत गेलं की काढता येत नाही, त्यामुळे इथे घाईला जागा नाही.

पुढच्या वेळी येताना बोअरचं पाणी आण, आणि पायथ्याशी आपोआप गळून पडलेला दगडाचा एखादा पापुद्रा मिळाला तर तोही, अर्थात रीतसर परवानगी घेऊन. त्यात आधीच किती क्षार आहेत ते तपासू, मग मिठाचं प्रमाण ठरवू.

कळावे,
तुझा सर